पडद्यावर बोलले कोण?

सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यांच्या कौलांवर अजून कोठे कोठे गंजलेला ॲन्टेना दिसतो. त्याचे तोंड सिंहगडाकडे असते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गडावरील मनोऱ्यातून त्याचे कार्यक्रम पुणेकरांच्या घरी येऊ लागले. 'गजरा'ने, 'आमची माती आमची माणसं'ने, दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाने आपल्याला सहकुटुंब एकत्र बसविले. ते ऋण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

परंतु वाचकहो, २०२२ पर्यंत देशातील या जुन्या पद्धतीची प्रक्षेपणे जवळजवळ सारी थांबली, तेव्हा पेठेत कोणी हळहळल्याचे माझ्या कानी आले नाही. असे का व्हावे? मनोरा आमच्या गडावर होता, पण बोलणे मुंबईचे होते. मी पडलो शाळामास्तर. मास्तर एकटाच बोलत राहिला तर तास संपतो, शिकणे होत नाही, हे मी रोज पाहतो.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज या गावी निराळा प्रयोग झाला. अहमदाबादच्या अवकाश-शास्त्रज्ञांनी १९७५ साली तेथे एक किलोवॅटचे लहानसे प्रक्षेपण केंद्र चालविले. गावोगाव सामाईक संच ठेवले. मजुरी, अस्पृश्यता, सावकारी हे नाटकांचे विषय झाले, आणि त्यांत कामे केली ती खेडुतांनीच! १९८४ साली युनेस्कोने या कार्याचा गौरव केला. १९८५ साली केंद्र बंद झाले. मद्रासला दुसरी वाहिनी हवी होती, म्हणून गावकऱ्यांचा विरोध असताना येथील यंत्र तिकडे गेले.

पीजचे अपयश कलेचे नव्हते. चेहरे गावाचे होते, भाषा गावाची होती, पण यंत्राची किल्ली दूर कचेरीत होती. म्हणून लोकांच्या वाहिनीला मी दोन कसोट्या लावतो: तीवर बोलते कोण, आणि ती बंद करण्यापूर्वी विचारायचे कोणाला? पुण्याचा मनोरा पहिल्या कसोटीला उतरला नाही. पीज दुसरीवर हरले.

आपली 'सह्याद्री' आजही चालू आहे. तिचे कौतुक करताना जुन्या मालिकांच्या आठवणी काढून थांबू नये. माणदेशातील एखादी शेतकरीण आपल्या बोलीत, कोणी मध्येच न तोडता, दहा मिनिटे तीवर बोलते का, हे पाहावे. आणि बोलत नसेल तर आपण प्रेक्षकांनीच पत्र लिहून तसे मागावे. वाहिनी चालू आहे तोवरच त्या पत्राला अर्थ आहे.