राक्षस, पाटील आणि डॉक्टर : कृष्णाकाठच्या भयप्रद पात्रांचा एक विचार

प्रास्ताविक

चित्रपट आणि दूरचित्रवाणी या माध्यमांतील भयप्रद पात्रांचा विचार करताना समीक्षेचे लक्ष प्रथम भुताखेतांकडे वा विकृत चेहऱ्याच्या खलनायकांकडे जाते. असे पात्र किती क्रूर आहे, त्याने किती बळी घेतले, त्याचे हास्य किती कर्कश आहे, अशा मोजमापांवर त्याची प्रत ठरविली जाते. ही मोजमापे अपुरी आहेत. ते पात्र कोठून येते, गावाबाहेरून की गावाच्या आतून, आणि त्याला आत येऊ कोण देते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात तो तपासून पाहण्यासारखा आहे. मराठी रंगभूमीवरील राक्षस कृष्णेच्या काठी सांगलीत प्रथम गरजला. त्याच नदीच्या वरच्या अंगाला, वाईच्या घाटांवर, हिंदी चित्रपटांनी आपले कित्येक खलपुरुष वावरविले. आणि वाई तालुक्यातील एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या छायेत ‘देवमाणूस’ ही मालिका २०२० मध्ये अवतरली.

वेशीबाहेरचे भय

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. या परंपरेतील नाटकांत देवांचा, स्त्रियांचा आणि राक्षसांचा असे नटांचे वेगवेगळे संच असत. राक्षसांचा प्रवेश म्हणजे रंगविलेले चेहरे, उपसलेल्या तलवारी आणि कानठळ्या बसविणारी आरोळी. त्या आरोळीवरून या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ नाटके असे काहीसे थट्टेचे नाव पडले. हे भय खरे असले तरी सुरक्षित होते. राक्षस येण्यापूर्वी त्याचा आवाज येई, तो दिसताक्षणी ओळखू येई आणि त्याचा वध होणार हे पोथीतच ठरलेले असे. शिवाय त्याची टर उडवायला विदूषक होताच. मांडीवरची पोरे रडत, मोठी माणसे हसत, आणि घरी जाताना कोणी शेजाऱ्याकडे संशयाने पाहत नसे. राक्षस लंकेचा, गावचा नव्हे.

वरवर पाहता या रंगमंचीय राक्षसाचा आधुनिक चित्रपटाशी संबंध दिसत नाही. परंतु वाईच्या परिसरात चित्रित झालेले तीन हिंदी चित्रपट पाहिले असता संबंध ध्यानात येतो. प्रकाश झा यांच्या ‘गंगाजल’ (२००३) मधील बिहार येथे उभा राहिला. त्यातील साधू यादव साकारला मोहन जोशी यांनी, म्हणजे बिहारची भूमी मराठी आणि तिचा दंडेलही मराठी. विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’ (२००६) मधील लंगडा त्यागी आणि ‘दबंग’ (२०१०) मधील छेदी सिंह हेही उत्तरेकडील मानले जाणारे पुरुष याच परिसरात वावरले. यांपैकी लंगडा त्यागी हा निःसंशय श्रेष्ठ. शेक्सपिअरच्या इयागोप्रमाणे तो विश्वासातला माणूस आहे. त्याचे विष कानाशी कुजबुजण्यात आहे. तथापि तिन्ही चित्रपटांत स्थलकाळाची पाटी एकच गोष्ट सांगते : हे तेथे घडते, येथे नाही. वाईकर प्रेक्षकाला पडद्यावर आपले घाट दिसतात, आपले वड दिसतात, पण भय परक्या मुलखाचे. चित्रीकरणाला गर्दी करणाऱ्यांच्या कौतुकात हा दिलासाही असणार.

पुढे उघडकीस आलेल्या वस्तुस्थितीशेजारी हा दिलासा ठेवला तर अंगावर काटा येतो. ऑगस्ट २०१६ मध्ये, एका बेपत्ता स्त्रीच्या तपासातून, वाईजवळील धोम येथे पुरलेले मृतदेह सापडले. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका व्यक्तीने २००३ ते २०१६ या काळात सहा खून केल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. मृतांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या. हा कालखंड आणि वरील तीन चित्रपटांचा कालखंड एकच आहे. म्हणजे आरोपपत्राचे म्हणणे ग्राह्य धरले तर, ज्या वर्षांत वाईत दुसऱ्या प्रांतांचे भय कॅमेऱ्यासमोर रचले जात होते त्याच वर्षांत, काही मैलांवर, एकेक माणूस नाहीसे होत होते. त्याला आरोळी नव्हती, रंगविलेला चेहरा नव्हता. आरोपी परगावचा नव्हता; तो त्या परिसराच्या ओळखीतला, उठबशीतला होता.

पाटलाच्या वाड्यातील भय

गावाच्या आतून येणारे भय मराठी पडद्याला अपरिचित होते असे मात्र नाही. ते नीट ओळखले निळू फुले यांनी. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) पासून त्यांनी उभ्या केलेल्या पुरुषांच्या रांगेत अनेक उथळ भूमिका आहेत हे मान्य केले पाहिजे. तमाशापटांनी त्यांच्याकडून तेच ते सरपंच, तेच ते पाटील करून घेतले. पण जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ मधील हिंदुराव धोंडे पाटील हे पात्र त्या रांगेत बसत नाही. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविल्या गेलेल्या या चित्रपटातील हिंदुराव हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे, आणि सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातील कोणाही वाचकाला त्याचा परिचय करून देण्याची गरज नाही. तो कारखाना काढतो, शाळा काढतो, माणसे कामाला लावतो. गावाचे भले केल्याचा त्याचा दावा खोटा नाही, आणि हीच त्याची भीतिदायक बाजू होय. निळू फुले यांनी तो मोठा आवाज न करता केला आहे. अर्धवट मिटलेले डोळे, खालच्या पट्टीतील बोलणे, समोरच्याला पुरते ऐकून घेण्याची ढब. हा माणूस ओरडत नाही, कारण त्याला ओरडण्याची गरज पडत नाही.

या चित्रपटाचा आधार एका साध्या गोष्टीवर आहे. श्रीराम लागू यांनी केलेला दारुडा मास्तर, हिंदुरावाच्याच आश्रयाला आलेला, एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी विचारत राहतो. मारुती कांबळे या माजी सैनिकाचे काय झाले, एवढाच त्याचा प्रश्न. त्याच्या हाती सत्ता नाही, पुरावा नाही, प्रतिष्ठा तर नाहीच. तरीही तो विचारतो, आणि त्या विचारण्यानेच हिंदुरावाचे राज्य पोखरले जाते. प्रेक्षकाला भय वाटते ते खुनाचे नव्हे. हा प्रश्न मास्तराआधी कोणीच का विचारला नाही, याचे. गावाला ठाऊक होते आणि गाव गप्प होते. प्रत्यक्ष जीवनात राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या या नटाला बायाबापड्या बघताच शिव्या घालीत अशा आठवणी सांगितल्या जातात. त्या त्याच्या अभिनयाची पावती म्हणून सांगितल्या जातात हे ठीकच. पण अस्सल हिंदुरावांना तशा शिव्या भरचौकात कधी मिळाल्या नाहीत, हेही त्याबरोबर सांगावयास हवे.

‘देवमाणूस’ : हाती आलेले व हातचे गेलेले

३१ ऑगस्ट २०२० रोजी झी मराठीवर सुरू झालेली ‘देवमाणूस’ ही मालिका वाई प्रकरणावर बेतलेली असल्याचे त्या वेळी सर्वत्र बोलले व लिहिले गेले. ती सुरू झाली तेव्हा त्या प्रकरणाचा निकाल लागलेला नव्हता. साताऱ्याच्या मुलखातील एक गाव, तेथील लाघवी डॉक्टर अजितकुमार देव आणि त्याला देवमाणूस म्हणणारे गावकरी, अशी तिची मांडणी. किरण गायकवाड यांनी केलेले हे पात्र मराठी दूरचित्रवाणीवरील सर्वाधिक भयप्रद पात्रांपैकी एक ठरले आणि ते रास्तच होते. त्यांनी राक्षसाची सारी चिन्हे टाकून दिली. मऊ स्वर, नम्र मान, रुग्णाच्या घरच्यांची आपुलकीने केलेली चौकशी, आणि दार लागताच चेहऱ्यावरून उतरणारे स्मित. स्मित उतरते, पण त्याजागी क्रौर्य येत नाही. एक हिशेबी रिकामेपण येते. हा तपशील अस्सल आहे.

मालिका सुरू झाली तो महामारीचा काळ होता. डॉक्टरखेरीज कोणावर भरवसा ठेवावा हे माणसाला कळेनासे झालेले असताना दररोज रात्री असा डॉक्टर घरात येणे, याचा परिणाम वेगळाच होता. खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत, गावाला माहीत नाही. ‘तिकडे जाऊ नकोस’ असे पडद्यावरील स्त्रीला ओरडून सांगावेसे वाटावे आणि सांगता येऊ नये, ही या मालिकेच्या पूर्वार्धाची ताकद होती. देवमाणूस ही पदवी कोणी स्वतःला घेत नाही, ती गाव देते. ज्या साताऱ्यात नरेंद्र दाभोलकर यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून बुवाबाजीविरुद्ध आयुष्य वेचले, तेथील प्रेक्षकाला या शीर्षकातील धार अधिक जाणवली असावी. बुवाच्या भगव्या वस्त्राची चिकित्सा करावयास लोक हळूहळू शिकले. गळ्यातील स्टेथोस्कोपची चिकित्सा कशी करावी हे शिकविणारे मात्र कोणी नव्हते.

तथापि मालिकेने ही ताकद फार काळ जपली नाही, आणि तिच्या यशाच्या कौतुकात ही बाब दुर्लक्षित राहिली आहे. पहिली गोष्ट नावाची. हा डॉक्टर प्रत्यक्षात डॉक्टर नाही, देवीसिंग नावाचा कंपाउंडर आहे, असे कथानक सांगते. धोमच्या प्रकरणातील संशयित त्या मातीतला होता. मालिकेने त्याला नावानेच परका केला. वाईच्या घाटावर बिहार उभा करणारी जी सवय, तीच येथे उलट्या दिशेने काम करते. भय गावात शिरते खरे, पण त्याची कुळकथा वेशीबाहेर नेऊन ठेवली जाते. गाव भोळे ठरते, दोषी ठरत नाही. हिंदुराव धोंडे पाटलाला अशी पळवाट तेंडुलकरांनी दिली नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नायक म्हणावा अशा स्थानी खुनी बसला की मालिकेच्या गरजा त्याच्या बाजूने झुकू लागतात. रोजचा भाग संपताना तो निसटला पाहिजे. तो निसटला नाही तर मालिका संपते. प्रेक्षक नकळत त्याच्या निसटण्याची वाट पाहू लागतो. त्यात सरू आजीच्या इरसाल म्हणी आणि टोण्याचा खट्याळपणा यांची भर. गावरान विनोदाचा हा भाग उत्तम वठला आहे यात शंका नाही, परंतु विष्णुदासी राक्षसाशेजारच्या विदूषकासारखाच त्याचा उपयोग होतो. भय सोसवेल इतके सौम्य होते. बळी पडणाऱ्या स्त्रिया मात्र एकामागून एक येतात आणि मोहाला वा लोभाला भुलल्या असे सुचवून जातात. तपासासाठी आलेली पोलीस अधिकारी दिव्या सिंगसुद्धा काही काळ त्याच जाळ्यात ओढली जाते. जणू फसणे हा स्त्रीचा स्वभावधर्म असावा. त्या नाहीशा झाल्यावर त्यांच्या घरी काय झाले, कोणी कोठे दाद मागितली, नोंद झाली का, आणि झाली असल्यास पुढे काय झाले, इकडे मालिकेचा रोख नाही.

येथे जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या चित्रपटाची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यातील बालहत्या करणारा पीटर लोर यांनी साकारला. तोही गुबगुबीत, साधा, रस्त्यात नजरेत न भरणारा. पण लांग आरंभी खुन्यामागे फार वेळ जात नाहीत. ते शाळेतून परतणाऱ्या मुलीच्या आईकडे जातात. टेबलावर मांडलेले ताट, जिन्यावरून खाली मारलेली हाक, मोकळा जिना. मुलीचा मृत्यू दिसतच नाही. तारांत अडकलेला फुगा दिसतो. खुनी भयप्रद ठरतो तो त्या रिकाम्या ताटामुळे. ‘देवमाणूस’मध्ये असे ताट जवळजवळ नाही.

तुलनेसाठी एक सत्यघटनाही पाहता येईल. इंग्लंडमधील हाइड गावचा डॉक्टर हॅरल्ड शिपमन याला २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनांबद्दल दोषी ठरविण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या चौकशीने बळींची संख्या दोनशेच्या वर असल्याचा निष्कर्ष तर काढलाच. शिवाय मृत्यूचे दाखले कोण देतो, ते कोण तपासतो, एवढे मृत्यू कोणाच्या नजरेस कसे आले नाहीत, हेही खोदून काढले. शिपमन हाही त्या गावाचा लाडका डॉक्टर होता. त्याच्या मनात काय होते याचा थांग कोणाला लागला नाही. कागद कोठे अडले याचा मात्र लागला.

‘देवमाणूस’चे पहिले पर्व ऑगस्ट २०२१ मध्ये संपले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरे आले आणि २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ या नावाने तिसरे. प्रत्येक वेळी परत आला तो मारणारा. त्याच्या नावे पर्वे झाली, त्याच्या लकबींच्या नकला झाल्या, त्याला चाहते लाभले. पहिल्या काही आठवड्यांत ज्याच्या नुसत्या ‘या, बसा’ म्हणण्याने पोटात गोळा येत असे, तो आता ओळखीचा पाहुणा झाला आहे. त्याने दार वाजविले तर प्रेक्षक हसून दार उघडील. ‘सामना’तील मास्तरासारखा, एकाच नाहीशा झालेल्या माणसाचे नाव घेऊन दारोदार फिरणारा कोणी मात्र या कथेत अजून आलेला नाही.