एका घरातली तीन पुस्तकं आणि शिक्षणाचा खर्च

धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले, ही गोष्ट शाळेत असताना तुमच्याही कानावरून गेली असेल. साल १८७५, मुलगा सतरा वर्षांचा. पावसाळी दिवसांत समुद्रमार्ग बेभरवशाचा, म्हणून चार-पाच सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून शंभरावर मैलांची पायपीट. साताऱ्यात पोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखांनी मुलाकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही असं ठरवून त्याला परत पाठवलं. गोष्ट साधारण इथे संपते आणि खाली तात्पर्य येतं: चिकाटी.

हे तात्पर्य मला कायम घाईचं वाटत आलं आहे. 'आत्मवृत्त' (१९१५) मुळातून वाचलं तर चिकाटीपेक्षा वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते. ती परीक्षा होती कसली? मराठी सहावी इयत्तेची, 'पब्लिक सर्व्हिस' म्हणून ओळखली जाणारी. पास झालात तर मराठी शाळेत मास्तरकी किंवा कचेरीत कारकुनी. म्हणजे हा पोरगा ज्ञानासाठी डोंगर चढत नव्हता, तो नोकरीच्या दाखल्यासाठी चढत होता. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांना तो दाखला जिल्ह्यात मिळत नव्हता. मुंबई गाठा नाहीतर सातारा. इंग्रजी राज्यातलं शिक्षण कोकणात 'आलं' असं आपण म्हणतो. पण कर्व्यांचं पुस्तक वाचताना दिसतं की ते आलं त्यापेक्षा त्याने माणसांना बाहेर नेलं जास्त.

थोडं मागे जाऊन पाहिलं तरी हेच. स्कॉटिश मिशनऱ्यांनी पश्चिम भारतातलं आपलं काम १८२३ च्या सुमारास सुरू केलं ते मुंबईत नाही, बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर. शाळा काढल्या, आणि काही वर्षांतच त्यांच्या कामाचं केंद्र घाटावर आणि मुंबईत सरकलं. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. 'दर्पण' (१८३२) काढलं मुंबईत. टिळक रत्नागिरीत जन्मले, वडील शाळामास्तर, पण दहाव्या वर्षी कुटुंब पुण्याला गेलं. दापोलीच्या आसपास तुम्हाला अभिमानाने सांगतील की या पट्ट्याशी तीन भारतरत्नांचं नातं आहे: कर्वे, पां. वा. काणे आणि आंबेडकर. खरं आहे. तिघंही तिथे राहिले नाहीत, एवढंच सांगायचं राहून जातं. गिरणीत जाणारा चाकरमानी आणि कॉलेजात जाणारा विद्यार्थी एकाच धक्क्यावरून बोटीत बसत होते. एकाची मनिऑर्डर घरी येत होती, दुसऱ्याचं नाव.

आता साताऱ्याबद्दल. त्याच साताऱ्यात कर्व्यांच्या नंतर पाव शतकाने, नोव्हेंबर १९०० मध्ये, दुसऱ्या एका मुलाचं नाव सरकारी हायस्कूलच्या पटावर चढलं. त्याचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, म्हणजे हाही रत्नागिरीचाच. वडील लष्करी शाळेत शिकवलेले सुभेदार, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिलेले. या मुलाने पुढे १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने आपल्यापर्यंत पोचल्या. त्यात शाळेचं वर्णन आहे: वर्गात वेगळं बसायचं, बसायला घरून आणलेलं गोणपाट, ते संध्याकाळी घरी न्यायचं कारण शाळेचा नोकर त्याला हात लावणार नाही. शिपाई नळ सोडेल तर पाणी, नाहीतर नाही. आणि एक प्रवास आहे, १९०१ च्या उन्हाळ्यातला. साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात, अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करतो, जात विचारतो, उत्तर ऐकतो आणि मागे सरकतो. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळते ती मुलांनीच हाकायची या अटीवर. आणि रात्रभर पाणी नाही.

हे दोन प्रवास शेजारी ठेवून पाहा. एका मुलाच्या चेहऱ्यावर सरकारी माणसाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्याच्या कपड्यांवर बसला, आणि त्याने तोंड उघडल्यावर उडाला. कर्वे पुढच्या वर्षी कोल्हापूरहून तीच परीक्षा पास झाले. त्यांच्या अपमानाला 'पुढचं वर्ष' होतं. दुसऱ्या अपमानाला ते नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितलंच होतं की शेतकऱ्यांच्या करातून उभं राहिलेलं शिक्षण वरच्या जातींच्या पदरात पडतं आहे. 'आत्मवृत्त' हे त्या वाक्याला खोडून काढणारं पुस्तक नाही. उलट नकळत दिलेली साक्ष आहे.

तरीही 'आत्मवृत्त' मला बाजूला ठेवता येत नाही, आणि याचं कारण त्याचं गद्य. कर्वे गणिताचे प्राध्यापक. किती मैल चाललो, किती पैसे जमले, कुणी किती दिले, सगळं जमाखर्चासारखं. गळा काढत नाहीत, उपदेशही बेताचाच. कधी कधी हा कोरडेपणा इतका टोकाला जातो की वाचकाला ओरडून विचारावंसं वाटतं: अहो, त्या दिवशी साताऱ्याहून परत चालताना तुम्हाला काय वाटलं? पण याच हिशेबी हाताने ते 'मुरूड फंडा'ची हकिकत सांगतात, आणि ती मला साताऱ्याच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. गावातल्या आणि गावाबाहेर नोकरीला लागलेल्या मुरूडकरांनी मिळकतीच्या दर रुपयामागे एक पैसा गावासाठी बाजूला ठेवायचा. त्यातून मुरूडला इंग्रजी शिकवायची सोय उभी राहिली. बाहेर गेलेलं शिक्षण उलट दिशेला, गावाकडे वाहावं म्हणून केलेला हा जुगाड. सरकारच्या कुठल्याही खलित्यात तो नव्हता.

मग १८९३ आलं. राधाबाई १८९१ मध्ये गेल्या होत्या. कर्व्यांनी पुण्यात विधवेशी लग्न केलं. मुरूडच्या ब्रह्मवृंदाने बहिष्काराचा ठराव केला. रुपयामागे पैसा काढणारं गाव आणि ठराव करणारं गाव, दोन्ही एकच. इंग्रजी शाळा हवी होती, ती शाळा शिकलेल्या माणसाने घरात काय आणलं ते नको होतं. हा पेच कर्वे नोंदवतात, पण त्याच्या आत शिरत नाहीत. आत शिरायला दुसरं पुस्तक उघडावं लागतं.

ते पुस्तक म्हणजे 'माझे पुराण' (१९४४). लेखिका आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या बाया. माहेर देवरूख, पहिलं नाव गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, लगोलग वैधव्य, मग सासरी वर्षानुवर्षांचे कष्ट. भाऊ नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे मित्र. ते तिला मुंबईला घेऊन आले. मार्च १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंचं शारदा सदन उघडलं आणि त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी ही. 'पाश्चात्त्य शिक्षण' हा शब्द आपण सरसकट इंग्रज सरकारला चिकटवतो, पण देवरूखच्या या बाईपर्यंत ते पोचलं ते बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने अमेरिकेत गोळा केलेल्या वर्गण्यांतून, एका मराठी बाईच्या हातून. कलेक्टर कचेरीचा त्यात काही वाटा नव्हता.

बायांचं पुस्तक कर्व्यांच्या पुस्तकाहून जास्त चांगलं आहे असं मी म्हणेन, आणि ते स्त्रीने लिहिलंय म्हणून सूट देऊन नाही. कर्वे पैशाचा हिशेब मांडतात, बाया माणसांचा. 'आत्मवृत्ता'त संस्था वाढत जाते: १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये हिंगण्याला झोपडी, मग महिला विद्यालय. 'माझे पुराण'मध्ये तोच काळ स्वयंपाकघरातून दिसतो. नवरा फर्ग्युसन कॉलेजात शिकवतो, शिकवून झाल्यावर चिखल तुडवत हिंगण्याला जातो, मिळवलेलं जवळजवळ सगळं आश्रमाला देतो, विम्याच्या पॉलिसीसकट. आणि घरात मुलं आहेत. बाया याबद्दल चिडतात. थोर माणसाच्या बायकोने असं चिडलेलं छापायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यांनी ते छापलं.

त्याहून बोचरी गोष्ट आश्रमाचीच. विधवांच्या पालकांना धास्ती होती की आश्रमात पोरगी घातली की तिचं लग्न लावून देतील. म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाचं काम आश्रमापासून जाणीवपूर्वक तोडलं. व्यवहार म्हणून हे बरोबर असेल; आश्रम त्यामुळेच टिकला. पण मग पुनर्विवाहित बाया कुठे बसतात? जिच्याशी लग्न केल्यामुळे माणसाच्या आयुष्याला दिशा मिळाली, तीच त्याच्या संस्थेच्या दृष्टीने अडचण. या अवघडलेपणाची सगळ्यात प्रामाणिक नोंद मला बायांच्या पुस्तकात सापडते. कर्व्यांच्या हिशेबात हा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून मी तरी म्हणेन, आधी 'माझे पुराण' वाचा आणि मग 'आत्मवृत्त'. उलट क्रमाने वाचलं तर बाया तक्रारखोर वाटतात. या क्रमाने वाचलं तर कर्व्यांच्या कोरड्या ओळींमधल्या मोकळ्या जागा दिसायला लागतात.

इथे एक आक्षेप येईल: शेवटी हे सगळं कोकणस्थ ब्राह्मण घरातलं आहे. हो, आहे. आश्रमही सुरुवातीला त्याच थरातल्या विधवांचा होता. कर्वे या प्रश्नाकडे उशिरा वळले. समता संघ काढला १९४४ मध्ये, वयाच्या पंचाऐंशी वर्षांनंतर. दापोलीत निवृत्त होऊन राहिलेले गोपाळबाबा वलंगकर अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले ते त्याच्या अर्धशतकाहून आधी, १८८० च्या दशकात. मुरूड ते दापोली अंतर थोडक्या मैलांचं. कर्व्यांचं चालण्याचं वेड पाहता ते फार नव्हतं. बायांच्या पुस्तकावरही हा आरोप लागू होतो. मात्र एका घराच्या भिंती आतून कशा दिसतात हे सांगणाऱ्याला, तू भिंतीबाहेरचं का सांगितलं नाहीस, एवढंच विचारून गप्प बसवणं मला पटत नाही. बाहेरचं सांगणारी पुस्तकं वेगळी आहेत, वर एकाचं नाव आलंच आहे, आणि ती याच्याबरोबर वाचायची आहेत.

घरात तिसरं पुस्तकही आहे, त्याच्याकडे फार कुणी जात नाही: 'माझी कहाणी' (१९२८), पार्वतीबाई आठवले. बायांची धाकटी बहीण, तीही देवरूखची, तीही विधवा, पदरात एक मुलगा. बहिणीने पुनर्विवाह केला. हिने केला नाही, केशवपन केलेल्या डोक्याने वर्षानुवर्षं गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी मागितली. तिच्या केशवपनामुळे लोकांचे दरवाजे उघडत होते, जे बायांसाठी उघडले नसते. सुधारणेच्या इतिहासातला हा विनोद दोघी बहिणींना कळला असणार.

पार्वतीबाई पंचविशी उलटल्यावर लिहायला-वाचायला शिकल्या. मराठी जमलं, इंग्रजी जमेना. मेव्हण्यांच्या विद्यापीठाने ठरवलं होतं की मुलींना मातृभाषेतून शिकवायचं, इंग्रजी हा एक विषय म्हणून. मेकॉलेनंतर ऐंशी वर्षांनी घेतलेली ही भूमिका आजच्या इंग्रजी माध्यमाच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकांना वेडगळ वाटेल. पण त्याच संस्थेसाठी जग फिरायचं, पैसा उभा करायचा, तर इंग्रजीवाचून दार उघडत नाही हे पार्वतीबाईंना रोज अनुभवाला येत होतं. १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकलेली ही बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली. शाळेची फी परवडणारी नव्हती. म्हणून लोकांच्या घरी मोलकरणीचं काम धरलं, भांडी घासता घासता मालकिणीचं बोलणं कानावर पडेल आणि भाषा येईल, या हिशेबाने. दोनेक वर्षांनी परत आल्या तेव्हा हिंगण्यासाठी पैसेही आणले होते.