संकलनगर्भ प्रामाणिकपणा : राजकीय अनुबोधपटातील पक्ष आणि सत्य

'डॉक्युमेंटरी' या शब्दासाठी मराठीत दोन प्रतिशब्द रूढ आहेत : माहितीपट आणि अनुबोधपट. पहिल्या शब्दात तटस्थतेची अपेक्षा दडलेली आहे. दुसऱ्यात काही शिकवण्याचा, पटवून देण्याचा हेतू गृहीत धरलेला आहे. राजकीय आशयाच्या अशा चित्रपटांविषयी आपल्याकडे जो वाद वारंवार होतो, तो बव्हंशी या दोन शब्दांमधील अंतराचा वाद आहे. प्रेक्षक माहितीपट पाहायला जातो, त्याच्यापुढे अनुबोधपट येतो आणि मग तो 'हे एकतर्फी आहे' अशी तक्रार करतो.

या तक्रारीला एक इतिहासही आहे. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. पुढील काही दशके तिचे लघुपट चित्रगृहात मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे बंधनकारक होते. धरणे, कारखाने, कुटुंबनियोजन यांविषयीचे ते धीरगंभीर निवेदन आमच्या पिढीने लहानपणी ऐकले आहे. त्या आवाजाला स्वतःचा पक्ष होताच. तो राज्यसंस्थेचा पक्ष होता. परंतु तो आवाज कोणाचाच नसल्यासारखा वाटे, म्हणून त्याच्यावर पक्षपाताचा आरोप सहसा झाला नाही. 'पक्षपात' हा शब्द आपण ज्याचा धनी दिसतो अशाच मतासाठी राखून ठेवला आहे काय, अशी शंका त्यामुळे येते.

प्रस्तुत लेखात एवढेच मांडावयाचे आहे की, पक्ष असणे आणि अप्रामाणिक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यामुळे राजकीय अनुबोधपटाच्या निंदकांचे जितके नुकसान होते, त्याहून अधिक त्याच्या समर्थकांचे होते.

मराठी समीक्षेला हा प्रश्न नवा नाही. लेखकाचा प्रामाणिकपणा कोठे शोधावयाचा, याची चर्चा करताना मर्ढेकरांनी 'लेखनगर्भ आत्मनिष्ठा' ही संज्ञा योजली. लेखकाच्या खाजगी आयुष्यातील सच्चेपणा किंवा त्याने जाहीर केलेली तत्त्वे यांच्याशी समीक्षकाला कर्तव्य नाही. लेखनाच्या प्रक्रियेतच जी निष्ठा मुरलेली असते, तीच विचारात घ्यावयाची, असा त्या संज्ञेचा रोख आहे. पुढे बांधिलकीच्या वादात हा भेद आपण अनेकदा विसरलो. अनुबोधपटाच्या संदर्भात मात्र तो पुन्हा उपयोगी पडतो. दिग्दर्शकाची तळमळ खरी आहे की नाही, हा प्रश्न आपल्याला चित्रपटाविषयी काहीच सांगत नाही. विचारावयाचे ते असे : कॅमेऱ्याने टिपलेले तुकडे जेथे कापले आणि जोडले जातात, त्या संकलनाच्या टेबलावर त्याने काय केले? मर्ढेकरांच्या संज्ञेच्या धर्तीवर याला संकलनगर्भ प्रामाणिकपणा म्हणता येईल.

मायकेल मूर यांचा 'रॉजर अँड मी' (१९८९) हा या दृष्टीने बोधप्रद चित्रपट आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातले फ्लिंट हे मोटारकामगारांचे शहर. जनरल मोटर्सने तेथील कारखाने बंद केल्यावर शहराची जी दैना झाली, तिचे हे चित्रण आहे. कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांना गाठून फ्लिंटला आणण्याचा मूर यांचा अयशस्वी खटाटोप हे त्याचे कथासूत्र. चित्रपट विनोदी आहे, संतप्त आहे आणि त्याचा पक्ष पहिल्या मिनिटापासून उघड आहे. याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रार निघाली ती वेगळ्याच मुद्द्यावर. 'फिल्म कॉमेंट' या नियतकालिकात हार्लन जेकबसन यांनी मूर यांची मुलाखत घेतली आणि घटनांच्या कालक्रमावर बोट ठेवले. चित्रपट पाहताना प्रेक्षकाची समजूत अशी होते की, १९८६ च्या सुमारास कारखाने बंद झाल्याची घोषणा झाली. मग बेकारांचे सांत्वन करण्यासाठी रोनाल्ड रेगन आले. मग गांगरलेल्या शहराने पर्यटक खेचण्यासाठी 'ऑटोवर्ल्ड' नावाचे भव्य करमणूक केंद्र उभारले आणि तेही बुडाले. वस्तुस्थिती अशी की, रेगन यांची ती भेट १९८० मधली, ते अध्यक्षपदाचे उमेदवार असतानाची. आणि ऑटोवर्ल्ड सुरू झाले १९८४ मध्ये. जे आधी घडले ते नंतर दाखवले गेले आणि त्यामुळे ते कशाचा तरी परिणाम वाटू लागले. पॉलीन केल यांनी चित्रपटावर कठोर टीका केली. रॉजर ईबर्ट यांनी त्याची बाजू घेतली. आपला चित्रपट एका संपूर्ण दशकाविषयी आहे, तारखांच्या जंत्रीविषयी नाही, असा मूर यांचा बचाव होता.

हा बचाव सहज झटकून टाकण्यासारखा नाही. अनुबोधपट म्हणजे वास्तवाची सर्जनशील हाताळणी, असे ग्रिअर्सन यांनी फार पूर्वीच म्हटले होते. निवड, वगळणे, जोडणी यांवाचून कोणताही चित्रपट होत नाही. याच चित्रपटाच्या अखेरीस रॉजर स्मिथ यांचे नाताळचे भाषण आणि भाडे थकल्यामुळे घराबाहेर काढली जाणारी कुटुंबे यांची दृश्ये आलटून पालटून येतात. ही जोडणी दिग्दर्शकाची आहे, हे प्रेक्षकाला पाहताक्षणी कळते. हे रूपकासारखे आहे. 'मुखचंद्र' म्हणणारा कवी खोटे बोलतो असे आपण म्हणत नाही, कारण आरोपण उघडपणे केलेले असते. रेगन यांच्या भेटीची गोष्ट निराळी. तेथे प्रेक्षकाला जोड दिसतच नाही. तो तिला घडलेला क्रम समजतो आणि त्या क्रमावरून कार्यकारणाचा निष्कर्ष काढतो. पहिल्या ठिकाणी दिग्दर्शक आपले मत मांडतो; दुसऱ्या ठिकाणी तो आपल्या मताला पुराव्याचा वेष चढवतो.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. हा चित्रपट मी प्रथम पाहिला तेव्हा मला तो अतिशय आवडला. कालक्रमाचा आक्षेप नंतर वाचनात आला, तेव्हा 'तपशिलाने काय बिघडते, एकूण चित्र खरेच आहे' असे मी स्वतःला समजावले. गिरण्यांच्या संपानंतरची मुंबई पाहिलेल्या माणसाला फ्लिंटची व्यथा परकी वाटण्याचे कारण नव्हते. माझे हे समाधान पुढे डळमळले ते एका मराठी माणसांच्या शोकांतिकेवरील चित्रपटामुळे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघडकीस आले आणि जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मृत्युमुखी पडली. शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर काही दिवसांतच आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) तेथून सुरू होतो. तो पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. गोळीबाराच्या समर्थनार्थ असे सांगितले गेले होते की, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता आणि मोठा अनर्थ टाळण्यासाठी गोळ्या झाडाव्या लागल्या. हे कारण तपासताना माणसे कोठे पडली, टँकर किती दूर होते, आधी काय घडले आणि नंतर काय, हेच प्रश्न निर्णायक ठरतात. म्हणजे संपूर्ण न्याय क्रमावर येऊन ठेपतो. पुढे २००९ मध्ये संबंधित पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले.

ज्या बाजूला आपण उभे आहोत तिचा न्याय जर घटनांच्या खऱ्या क्रमावर अवलंबून असेल, तर क्रमाची मोडतोड आपल्याला परवडणारी नाही. सत्तेने 'आधी' आणि 'नंतर' यांची अदलाबदल केली तर तो कट आणि आपल्या आवडत्या दिग्दर्शकाने केली तर ती शैली, असे म्हणता येत नाही. फ्लिंटच्या बाबतीत मी नेमके हेच म्हणत होतो. जुनी दृश्ये ताजी म्हणून हातोहाती फिरवली जाण्याच्या आजच्या काळात तर ही सवलत कोणालाच देता येणार नाही.

याचा अर्थ पटवर्धन तटस्थ आहेत असा नव्हे. ते तसा दावाही करीत नाहीत. 'राम के नाम' (१९९२) हा १९९० च्या रथयात्रेच्या काळातील अयोध्येवरचा चित्रपट उघडपणे एका बाजूचा आहे. परंतु त्यात कॅमेऱ्यामागून येणारा प्रश्नकर्त्याचा आवाज कापलेला नाही. प्रश्न कसा विचारला आणि उत्तर त्याच प्रश्नाचे आहे की नाही, हे प्रेक्षक पडताळू शकतो. यावरही एक रास्त आक्षेप आहे. रामाचा जन्म नेमका कधी झाला, असा प्रश्न रस्त्यावरील कारसेवकांना विचारला जातो आणि ते गोंधळतात. श्रद्धेला इतिहासाच्या परीक्षेस बसवणे आणि तिच्या अडखळण्याला प्रेक्षकाचे हसू मिळवून देणे कितपत न्याय्य आहे? मला ते दृश्य आजही पूर्णतः पटत नाही. मात्र मला ते न पटण्याची सोय चित्रपटानेच ठेवलेली आहे. जो अनुबोधपट प्रेक्षकाला आपल्याशी मतभेद करण्याइतकी सामग्री देतो, तो एकपक्षी असूनही अप्रामाणिक नसतो.

याहून कठीण कसोटी आहे ती स्वपक्षाविषयीच्या अडचणीच्या पुराव्याची. घोगरे हे डाव्या चळवळीचे गायक. पण मृत्यूसमयी त्यांनी डोक्याला निळे कापड बांधले होते. त्यांना त्यांच्याच संघटनेने दूर केले होते, ही गोष्ट 'जय भीम कॉम्रेड' लपवीत नाही. दिग्दर्शकाची सहानुभूती ज्या राजकारणाकडे आहे, त्याला जातीचा प्रश्न किती कळला, हा सवाल त्या निळ्या कापडातूनच उभा राहतो.

येथपर्यंत मर्ढेकरांची संज्ञा आपल्याला आणते; पुढे ती अपुरी पडते. कवीची सामग्री त्याची स्वतःची असते. अनुबोधपटाची सामग्री म्हणजे दुसऱ्यांचे चेहरे. फ्लिंटमध्ये ससे विकून गुजराण करणारी एक बाई मूर यांच्या कॅमेऱ्यासमोर ससा मारून सोलते. हे दृश्य विसरता येत नाही. पण प्रेक्षकगृहात त्यावर हशा उठतो, तेव्हा कोण कोणाला हसते आहे? पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये (१९८५) एक रस्त्यावर राहणारी स्त्री चित्रपटकर्त्यालाच जाब विचारते, की आमची चित्रे काढून आमचे काय भले होणार. हा जाब चित्रपटात राहू दिला आहे. त्याचे उत्तर मात्र चित्रपटात नाही आणि बहुधा ते देताही येणार नाही. 'राम के नाम'मध्ये निर्भयपणे बोलणारे रामजन्मभूमीचे पुजारी लालदास यांची १९९३ मध्ये हत्या झाली. चित्रपट आणि हत्या यांचा संबंध जोडण्याचा अधिकार मला नाही. तसे करणे म्हणजे क्रमालाच कारण समजण्याची चूक मीही करणे होय. तथापि कॅमेऱ्यासमोर बोलणारा माणूस दिग्दर्शकापेक्षा अधिक काही पणाला लावीत असतो, एवढे त्यावरून उमजते.

तेव्हा राजकीय अनुबोधपटाकडून तटस्थता मागू नये. तीन गोष्टी मात्र मागाव्यात : घडलेला क्रम आणि रचलेला क्रम यांतील भेद प्रेक्षकापासून लपवू नये, स्वपक्षाला अडचणीचे ठरणारे कापून टाकू नये, आणि ज्यांचे चेहरे उसने घेतले त्यांना केवळ दृष्टांत करू नये. या मागण्या विरोधकांच्या चित्रपटांकडे करणे सोपे आहे. आपल्याला पटणाऱ्या चित्रपटाकडे त्या करता येतात की नाही, ही समीक्षकाच्या स्वतःच्या प्रामाणिकपणाची कसोटी आहे. आणि तिच्यात मी एकदा अनुत्तीर्ण झालो आहे.