‘त्याग’ हा शब्द आणि ‘आमचा बाप आन् आम्ही’

कतारगाममधल्या मराठी मुलांना ‘माझे वडील’ हा निबंध दिला की निम्म्याहून अधिक वह्यांत एक वाक्य हमखास सापडते : ‘वडिलांनी आमच्यासाठी गाव सोडून मोठा त्याग केला.’ वाक्य शुद्ध आहे, भावना खरी आहे. पण वडील त्यात कुठेच दिसत नाहीत. ते धुळ्याहून आले की शहाद्याहून, लूमच्या खात्यावर बारा तासांची पाळी कशी काढतात, आणि मुळात निघाले का, याचा पत्ता नसतो.

अशा वेळी डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक (ग्रंथाली, १९९३) हाती घ्यावे. जाधव अर्थशास्त्रज्ञ, पण पुस्तकाचा पाया आहे वडिलांच्या स्वतःच्या आठवणींचा. दामोदर जाधव नाशिककडच्या ओझरचे. अक्षरओळख जेमतेम. मुंबईत गोदीत नोकरी केली. निवृत्तीनंतर रिकामे बसवेना, तेव्हा मुलाने त्यांना लिहिते केले. वडिलांना मोठेपणा देण्याची ही तऱ्हा मला फार मोलाची वाटते. मुलाने बापावर लिहिण्याआधी बापाला बोलू दिले.

आणि बाप बोलू लागला की ‘त्याग’ हा शब्द अपुरा पडतो. दामूने गाव सोडले ते केवळ पोटासाठी नव्हे. येसकरकी आणि तिच्यातला अपमान त्याने नाकारला. मुंबईला निघण्यात सोडण्यापेक्षा मिळवण्याची जिद्द मोठी होती. बाबासाहेबांच्या चळवळीने तिला पुढे दिशा दिली. त्याग म्हटले की माणूस देव्हाऱ्यात जातो. त्याला काही हवे होते, तो चिडला होता, हे मग विचारावेसेच वाटत नाही.

पुस्तकाचे नावच पाहा. ‘आणि’ नव्हे, ‘आन्’. मुलगा अमेरिकेत डॉक्टरेट करून आला, रिझर्व्ह बँकेत अधिकारी झाला, तरी मुखपृष्ठावर बोली राहिली. (आमच्याकडे घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, आणि निबंधात मात्र पाठ्यपुस्तकी मराठी!) उत्तरार्धात मुलांच्या यशाची कहाणी येते, तिथे मात्र पकड थोडी सैल होते. यश सांगणे सोपे असते. वाचकाला ते आधीच माहीत असते.

२००३ साली याच कहाणीचे इंग्रजी रूप ‘आउटकास्ट’ या नावाने आले. ते परक्या वाचकासाठी नव्याने बांधलेले आहे. तिथे ‘आन्’ कुठून येणार? पण एक लाभ झाला, तो मान्य केला पाहिजे. त्यात सोनू, म्हणजे दामूची बायको, स्वतःच्या तोंडाने बोलते. गाव तिनेही सोडले होते. पण ठरवले होते नवऱ्याने, आणि हा फरक तिच्या बोलण्यातून कळतो. कतारगामच्या गल्ल्यांत आजही कितीतरी बायका घरबसल्या साड्यांना टिकल्या आणि लेस लावतात. ‘माझी आई’ या निबंधात त्या साड्यांचा ढीग मी अजून वाचलेला नाही.