संकटाचा देखावा

निर्जन अरण्यात एकाकी सापडलेल्या मनुष्याने केवळ आपल्या बुद्धीच्या आणि बाहूंच्या बळावर जीव कसा राखावा, हे दाखविणाऱ्या दूरचित्रवाणी-मालिकांना सुरुवात होऊन आता दोन दशके लोटली. आणि एवढ्या अवधीत या प्रकाराने स्वतःचे नायक, स्वतःचे संकेत आणि स्वतःचा प्रेक्षकवर्ग निर्माण केला असल्यामुळे, त्याला निव्वळ करमणुकीचा जिन्नस न मानता कलेच्या कसोट्या लावण्याची वेळ आली आहे. पुणेकरांना तर या विचाराचे विशेष प्रयोजन आहे. कारण रविवारची पहाट उजाडण्याआधी पाठपिशवी घेऊन राजगड-तोरण्याच्या वाटेला लागणारी मंडळी येथे घरोघर आहेत, आणि पडद्यावर पाहिलेले ती डोंगरात करून पाहतात.

या कलेचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे 2006 साली सुरू झालेली बेअर ग्रिल्स यांची ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ ही मालिका. हेलिकॉप्टरमधून उडी, कड्यावरून उतरण, गोठविणाऱ्या पाण्यात सूर आणि शेवटी किडे-अळ्यांचे भोजन, असा तिचा शिरस्ताच पडून गेला. नायकाच्या काही रात्री अरण्यात न जाता हॉटेलात गेल्या आणि रानटी म्हणून दाखविलेले घोडे माणसाळलेले होते, असा बोभाटा 2007 साली ब्रिटनमध्ये झाला; तेव्हा काही प्रसंग प्रात्यक्षिकासाठी मुद्दाम योजलेले असतात, असा खुलासा मालिकेला जोडण्यात आला. पुढे 2019 साली कॉर्बेटच्या अरण्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि 2020 साली बंदिपुरात रजनीकांत याच नायकासोबत वावरले, तेव्हा त्या बंदोबस्तातील पाहुणचारात जीव राखण्याचा प्रश्न नावापुरताच उरला होता.

तथापि एवढ्यावरून या मालिकांना लबाड ठरविणे म्हणजे टीकाकाराने सोपी वाट धरणे होय. रंगभूमीवरील राजाच्या तलवारीला धार नसते, म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. हरकत घ्यायची ती निवडीवर: काय दाखवायचे आणि काय गाळायचे, याचा निवाडा येथे नेत्रदीपकतेच्या निकषावर होतो, आणि एका मुलुखात कदाचित उपयोगी पडणारा तोडगा सर्व मुलुखांचा नियम म्हणून प्रेक्षकाच्या मनात रुजू होतो.

सह्याद्रीत हे नियम लावून पाहावेत. वाट चुकल्यास वाहत्या पाण्याच्या कडेने खाली उतरत जावे, पाणी वस्तीकडे नेते, हा या मालिकांचा आवडता उपदेश. पण घाटमाथ्यावरून कोकणाकडे वळलेला ओढा अंधारबन, ताम्हिणी किंवा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात बघता बघता कड्याच्या ओठावर येऊन कोसळतो, आणि त्याच्या मागोमाग घसाऱ्यावरून नळीत उतरलेल्या माणसाला खाली वाट नसते व वर चढण्याचे त्राण उरत नाही. तीच गत शेकोटीची. पडद्यावरचा नायक मुक्कामी पोहोचताच आधी आग पेटवितो; परंतु आपल्या गडांच्या कातळांना आग्या मोहोळे लटकलेली असतात, आणि त्यांच्या खाली केलेला धूर म्हणजे अवघ्या थव्याला दिलेले आव्हानच. स्वतःचे मूत्र पिण्याचा प्रयोग तर सर्वतोमुखी झाला आहे. वस्तुतः त्यातील क्षारांमुळे शरीराचा शोष वाढतो, आणि वैशाखात गडावर निघताना सोबत चार लिटर पाणी घेणे, हा अगदीच नीरस वाटणारा उपाय प्राण वाचवितो. नाग, मण्यार, घोणस वा फुरसे चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये; रुग्णाची हालचाल थांबवून, त्याला धीर देऊन प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे, एवढाच त्यातला पराक्रम.

नेमकी येथेच या कलेची अडचण आहे. गावातल्या मामांना आपला बेत सांगून निघणे, ढोरवाटांच्या जाळ्यात शिरण्यापूर्वी वाटाड्या घेणे, चुकल्याची शंका येताच असेल तेथे बसून राहणे, माथा दृष्टिपथात असतानाही परत फिरणे: सुरक्षिततेची ही सारी कृत्ये घटना टाळणारी आहेत, आणि घटनेवाचून कथानक कसे उभारावे, हे या निर्मात्यांना साधलेले नाही. ते असाध्य मात्र नाही. कॅनडाचे लेस स्ट्राउड यांनी ‘सर्व्हायव्हरमॅन’मध्ये चित्रीकरणाचे पथक सोबत न घेता, कॅमेरा मांडायचा, त्याच्यासमोरून चालत जायचे आणि तो उचलण्यासाठी पुन्हा मागे यायचे, असा क्रम ठेवून भूक, कंटाळा आणि फसलेले बेत जसेच्या तसे दाखविले. 2015 साली सुरू झालेल्या ‘अलोन’मध्ये स्पर्धकाला हवे तेव्हा संदेश पाठवून माघार घेण्याची मुभा असते आणि वैद्यकीय तपासणीत तो धोकादायक कृश आढळल्यास त्याला बाहेर काढले जाते, म्हणजे सावधगिरी तेथे खेळाच्या नियमांतच गुंफलेली आहे, आणि तरीही उत्कंठा ओसरत नाही.

पुण्याला तर याचा पुरावा फार जुना आहे. 1980 साली याच शहरात नीलमकुमार खैरे यांनी 72 विषारी सापांच्या सहवासात 72 तास काढले, आणि डिवचल्यावाचून साप दंश करीत नाही, हे लोकांना पटवून दिले. 1986 साली कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. 72 तासांच्या त्या तमाशाचे सारे सामर्थ्य स्थिर बसण्यात होते. आज नाग हातात धरून छायाचित्र काढून घेणाऱ्या हौशी मंडळींनी त्यातले धाडस उचलले आणि स्थैर्य टाकून दिले. मराठी साहित्याकडे पाहिले तरी हेच दिसते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ घ्यावे किंवा मारुती चितमपल्लींचे अरण्यलेखन घ्यावे. मुकाट्याने पाहणे आणि वाट पाहणे हाच त्यांचा आशय आहे, आणि वाचकाला त्यात रस कमी पडल्याची कोणाची तक्रार नाही.

सद्यःस्थितीत मालिकांचा वारसा मोबाइलवरील अर्ध्या मिनिटाच्या रिळांकडे गेला असून, त्यांत खुलाशालाही जागा उरलेली नाही. दर पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई हुकूम निघतात, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक दोर खांद्यावर टाकून रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरतात. ‘हे घरी करून पाहू नका’ या पट्टीने निर्मात्याची कायदेशीर जोखीम टळते, प्रेक्षकाची टळत नाही. आणि हुकमाने गर्दी पांगली, तरी अभिरुची बदलत नाही. ती बदलण्याचे काम कलेचेच आहे. ज्या शहरात चित्रपटकलेचे राष्ट्रीय विद्यालय आहे आणि 2012 साली एव्हरेस्टवर तुकडी चढविणारी गिरिप्रेमीसारखी संस्थाही आहे, त्या शहराकडून ही अपेक्षा करणे अवाजवी नव्हे. माथा अर्ध्या तासावर असताना आभाळ पाहून तुकडी मागे फिरविणारा नेता जेव्हा पडद्यावर नायक ठरेल, आणि त्या निर्णयापाशी प्रेक्षकाचा श्वास रोखला जाईल, तेव्हाच या कलेला प्रौढत्व आले असे म्हणता येईल.