छायाचित्र आणि छेद : फुफ्फुसाच्या कर्करोगातील एका निकषाचे परीक्षण

फुफ्फुसाच्या कर्करोगात किती भाग कापावा, हा शल्यशास्त्रातील जुना वाद होय. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील तुलनात्मक परीक्षणाने ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींतही संपूर्ण खंड काढण्याचा पक्ष उचलून धरला. कारण त्याहून कमी कापल्यास रोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढत होते. तथापि त्यात गाठीचे अंतरंग चित्रावरून पारखलेले नव्हते.

ही पारख पुढे जपानी संशोधकांनी केली. सी. टी. चित्राच्या पातळ छेदांत गाठीचा काही भाग धुरकट काचेसारखा, तर काही भाग घन दिसतो. घन भागाच्या व्यासाला संपूर्ण गाठीच्या व्यासाने भागले असता येणारे गुणोत्तर हाच त्यांचा निकष. २ सेंटिमीटरपर्यंतच्या, ०.५ हून अधिक गुणोत्तराच्या गाठी असलेल्या १,१०६ रुग्णांवरील त्यांचे परीक्षण २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात केवळ उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के, तर संपूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते.

या निष्कर्षाचे स्वागत करताना दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. उपखंड काढलेल्यांत स्थानिक पुनरुद्भव १०.५ टक्के होता, खंड काढलेल्यांत ५.४ टक्के. शिवाय वाचलेल्या फुफ्फुसाचा श्वसनाला झालेला लाभ वर्षअखेर अवघा ३.५ टक्के भरला. तो संशोधकांनी आधीच ठरविलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचला नाही. अधिक जगण्याचे कारण म्हणून केवळ वाचलेल्या श्वासाकडे बोट दाखविणे म्हणूनच घाईचे ठरेल.

निकषही वाटतो तितका निश्चल नाही. १६ मिलिमीटरच्या गाठीत घन भाग ८ मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर ०.५ येते; मोजणीत एका मिलिमीटरचा फरक पडला, की ते ०.४४ किंवा ०.५६ होते. धुरकट भागाची कड कोठे संपते, याविषयी दोन तज्ज्ञांत एवढा मतभेद सहज संभवतो. शिवाय चित्र घेतले जाते ते श्वास भरून घेतलेल्या फुफ्फुसाचे. शस्त्र चालते ते हवा काढून आकसलेल्या फुफ्फुसावर. त्रिमित प्रतिकृतीवरून रक्तवाहिन्यांच्या शाखा आधी ओळखता येतात, हा मोठा लाभ खरा. परंतु दोन उपखंडांमधील सीमा शस्त्रक्रियागृहातच, हवा भरून किंवा हरित रंजकद्रव्य शिरेत सोडून, निश्चित करावी लागते.

भारतात आणखी एक अडचण उभी राहते. क्षयाच्या गाठी आणि सुजलेल्या लसिकाग्रंथी पेट चित्रात कर्करोगाप्रमाणेच उजळतात. केवळ त्या उजळण्यावरून रोग पसरल्याचे मानले, तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा रुग्णही तिच्यापासून वंचित राहील. अशा ग्रंथीचा ऊतक-तुकडा तपासणे येथे अपरिहार्य ठरते.

सारांश, चित्राने शल्यचिकित्सेला संयम शिकविला, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. परंतु चित्र हा पुरावा आहे, निर्णय नव्हे. त्या पुराव्याची उलटतपासणी करण्याचे दायित्व शल्यचिकित्सकावरच राहते.