आणीबाणी कोणावर?

कार्ल श्मिट या जर्मन कायदेपंडिताने १९२२ साली 'राजकीय धर्मशास्त्र' मांडताना एक सूत्र दिले: नेहमीचा कायदा बाजूला सारण्याचा निर्णय जो घेतो तोच खरा सार्वभौम. धर्मशास्त्रात चमत्काराला जे स्थान, तेच कायद्यात या अपवादाला. हा गृहस्थ १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला याचे आम्हाला नवल वाटत नाही. त्याचा सारा विचार माडीवर उभे राहून केलेला आहे. खाली कोण चिरडला जातो हे तिथून दिसत नाही.

ते दाखवले दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्ती विचारवंतांनी. जुलै १९८५ मध्ये बोथा सरकारने ३६ जिल्ह्यांत आणीबाणी लादली. सप्टेंबरमध्ये १५०हून अधिक सह्यांचे 'कैरोस' निवेदन बाहेर पडले. सत्ताधारी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करीत: अधिकार देवानेच नेमलेला, तेव्हा मुकाट्याने माना. निवेदनाने उलट प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय काढला, जिथे राज्यसत्ता सैतानाची चाकर झालेली आहे. गोऱ्यांच्या राज्यघटनेने प्रारंभीच ज्याचे नाव घेतले तो देव नव्हेच, असेही ठणकावले.

पण निवेदनाचा खरा जिवंत भाग चर्चला झोडपतो तो आहे. चर्च म्हणत होते, हिंसा दोन्हीकडची वाईट. म्हणजे पोलिसांची बंदूक आणि पोराच्या हातातला दगड एकाच तराजूत! आणि न्यायाआधीच समेट! ज्याला खिशात पास ठेवल्याशिवाय स्वतःच्या देशात फिरता येत नव्हते, त्याची आणीबाणी जुलैत सुरू झालेली नव्हती. गावकुसाबाहेरच्या वाचकाला याची फोड करून सांगायला नको.

मात्र एक प्रश्न निवेदनाने जवळजवळ सोडूनच दिला. देव शोषितांच्या बाजूचा, हे मान्य. उद्या शोषितांचेच सरकार आले आणि त्यालाही आणीबाणी हवीशी वाटली, तर त्याचा हात कोण धरणार? जुलमी सत्ता ओळखण्याचे निकष निवेदनात आहेत. आपल्या माणसाच्या सत्तेला वेसण घालण्याविषयी फारसे काही नाही. देवाच्या नावाने न्याय करू निघालेली सत्ताही सत्ताच असते, याचे भान तिथे कमी पडले.

ते काम पुढे १९९६च्या राज्यघटनेतील ३७व्या कलमाने केले. आणीबाणी आधी २१ दिवसांपुरतीच. वाढवायची तर राष्ट्रीय सभेने, तीही एका वेळी ३ महिन्यांहून जास्त नाही. ती वैध की अवैध, हे न्यायालय ठरवू शकते. जगण्याचा हक्क आणि माणसाची प्रतिष्ठा मात्र कोणत्याही आणीबाणीत हिरावता येत नाही, मग ती पुकारणारा गोरा असो वा काळा.